ज्याने पेरले, त्यानेच काढावे



कोल्हारचा पूल ओलांडून नगरची वाट धरली, की राहुरी जाते, कृषी विद्यापीठ मागे पडते आणि पुढे उजव्या हाताच्या माळांवर लष्कराची के. के. रेंज पसरलेली आहे. के. के. म्हणजे खारे कर्जुने. आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावाचे नाव इंग्रजी आद्याक्षरांत लपून बसले आहे. नगरला रणगाडा दलाचे केंद्र आहे, यांत्रिकी पायदळाचे केंद्र आहे; तोफांचा आणि रणगाड्यांचा सराव या रेंजवर चालतो. 2020 साली अर्जुन रणगाड्यावरून लेसरच्या आधाराने जाणारे क्षेपणास्त्र डागून पाहिले, ते इथेच. त्याच सुमारास रेंज वाढणार या धास्तीने राहुरी, पारनेर आणि नगर या तीन तालुक्यांतली 23 गावे जागी झाली होती.

जमीन जाणार म्हटले की आपण जागे होतो, आणि ते बरोबरच आहे. पण जमीन जाण्याचा दुसराही एक प्रकार आहे. त्यात नोटीस येत नाही, मोजणी होत नाही, मोबदला ठरत नाही. सातबारा आपल्याच नावावर राहतो, फक्त त्या जमिनीत पाय ठेवता येत नाही. मातीत न फुटलेला दारूगोळा पडून राहिला, की नेमके हेच होते.

आपल्याकडे ज्याने विहीर खोदली आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. खडक लागला की सुरुंगाची भोके मारायची, तोटे भरायचे, बत्ती द्यायची आणि लांब जाऊन आवाज मोजायचे. दहा बार लावले आणि आवाज नऊच झाले, तर शहाणा माणूस विहिरीत उतरत नाही. उरलेला एक बार कुठे आहे आणि तो का उडाला नाही, हे कळल्याशिवाय तो मजुरालाही उतरू देत नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे: सरावात किती गोळे टाकले आणि किती आवाज झाले, याचा हिशेब गावाला कोण देणार?

गोळा मऊ मातीत पडला, तिरका आदळला किंवा त्याच्या टोकाचा फ्यूज बिघडला, तर तो फुटत नाही. पण तो मेलेला नसतो. गंजला म्हणून निकामी झाला असे समजू नये. जुना गोळा कधी दगा देईल याचा नेम उलट अधिकच राहत नाही. पावसाने माती वाहते, गोळा ओढ्याला लागतो, नांगराच्या फाळाला अडकतो किंवा गुराख्याच्या पोराच्या नजरेला पडतो.

भूसुरुंग ही त्याच्याही पुढची पायरी. गोळा चुकून पडून राहतो, भूसुरुंग मुद्दाम पुरलेला असतो. माणसावर लावलेल्या सुरुंगाला थोडासा भार पुरतो, लेकराचे पाऊलही पुरते. लढाई संपते, सैन्य परत जाते, पण सुरुंगाला तह कळत नाही. लष्करी भाषेतसुद्धा सुरुंग ‘पेरतात’ असेच म्हणतात. आपला शब्द त्यांनी घेतला, पण पेरणाऱ्याने पीक काढून न्यायचे असते ही रीत मात्र घेतली नाही.

हे परदेशातच घडते असे कोणी समजू नये. डिसेंबर 2001 मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रमात आपले सैन्य पाकिस्तानच्या सीमेवर उभे राहिले. तेव्हा पंजाब, राजस्थान आणि जम्मू-काश्मीरमधल्या सीमेलगतच्या शेतांत सुरुंग पेरले गेले. ती शेते शेतकऱ्यांची होती, कसती होती. ऑक्टोबर 2002 मध्ये सैन्य मागे घेण्याचा निर्णय झाला, पण सुरुंग काढण्याचे काम पुढे वर्षानुवर्षे चालले. पेरताना आणि काढताना जवान दगावले, जायबंदी झाले. शेतकरी आणि जनावरेही गेली. नुकसानभरपाई मिळाली, तीही त्या शेतकऱ्यांना मागावी लागली. देशासाठी जमीन दिली त्याने भरपाईसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्यात, हा कुठला न्याय?

आपल्या महाराष्ट्रात गडचिरोलीने भूसुरुंग पाहिले. 1 मे 2019 ला, महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यात जांभूळखेड्याजवळ नक्षलवाद्यांनी रस्त्यात सुरुंग उडवला. 15 पोलीस जवान आणि गाडीचा चालक जागीच गेले. ते जवान कोणाचे? शेतकऱ्याचे आणि शेतमजुराचेच. सुरुंग सरकारचा असो की सरकारविरुद्ध लढणाऱ्याचा, पाय जातो तो आपल्याच घरातला.

जगाने यावर विचार केलेला आहे. 1997 साली ओटावा येथे माणसांवर लावायचे सुरुंग बंद करण्याचा करार झाला आणि 1 मार्च 1999 पासून तो लागू झाला. त्यासाठी झटणारी आंतरराष्ट्रीय मोहीम आणि जोडी विल्यम्स यांना 1997 चे शांततेचे नोबेल मिळाले. दीडशेहून अधिक देश या करारात आले. भारत आला नाही. अमेरिका, रशिया, चीन आणि पाकिस्तानही आले नाहीत. 2025 मध्ये तर रशियाच्या भीतीने पोलंड, फिनलंड, एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया या पाच देशांनी बाहेर पडण्याची नोटीस दिली. वारे उलटे फिरले आहे, म्हणूनच आज बोलणे जरूर आहे.

साफसफाई होतच नाही, असे मात्र नाही. आफ्रिकेतला मोझांबिक हा शेतकऱ्यांचा गरीब देश. लढायांनी त्याची जमीन सुरुंगांनी भरली होती. वीसेक वर्षे चिकाटीने काम करून 2015 साली त्याने आपली जमीन सुरुंगमुक्त जाहीर केली. त्या कामात माणसांबरोबर शिकवलेले आफ्रिकी उंदीरही होते. उंदराचे वजन कमी, त्यामुळे सुरुंग फुटत नाही, आणि दारूचा वास त्याला बरोबर लागतो. कंबोडियात काम करणाऱ्या मगावा नावाच्या अशाच एका उंदराला 2020 साली इंग्लंडातल्या संस्थेने सुवर्णपदक दिले. आपल्या कणगीतला उंदीर आपला वैरी, पण तिकडे उंदराने शेतकऱ्याला शेत परत मिळवून दिले. उंदराला जमते ते सरकारला जमत नाही, असे कोणी सांगितले तर आम्ही ऐकून घेणार नाही.

आता पुन्हा आपल्या माळाकडे येऊ. रेंजच्या आजूबाजूच्या गावांतली माणसे तोफगोळ्याचे तुकडे वेचायला जातात. पितळ, तांबे, शिसे भंगारात विकले जाते. कोणी न फुटलेला गोळा उचलून आणतो, धातूसाठी ठोकून उघडायला बसतो आणि जिवाला मुकतो. अशा बातम्या आपण नगरच्या वर्तमानपत्रांत वाचल्या आहेत. वाचून आपण म्हणतो, काय हा अडाणीपणा! आम्ही विचारतो, कोरडवाहू बाजरीला आणि कांद्याला खर्च भरून निघेल इतका भाव मिळाला असता, तर कोणी मरणाचे भंगार वेचायला गेला असता का? गरिबाला चोर म्हणणे सोपे आहे. घामाचे दाम मिळाले असते तर तो माळावर गेला नसता, हे सांगणे जड जाते.

आम्ही सैन्याच्या विरोधात नाही. नगर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतली मुले आज वर्दीत आहेत. सराव झालाच पाहिजे, पण सरावाचा कचरा गावाच्या माथी नको. 1938 चा लष्करी कवायती आणि गोळीबार सरावाचा कायदा आजही आहे. सरावामुळे माणसाचे वा मालमत्तेचे नुकसान झाले तर भरपाई द्यावी, असे तो सांगतो. इंग्रजाने लिहून ठेवलेले तेवढे तरी पाळा, एवढेच आमचे म्हणणे.

म्हणून जिल्ह्याच्या बैठकीपुढे आम्ही चार मागण्या ठेवतो. प्रत्येक सरावानंतर रेंज आणि तिच्या कडेची जमीन तपासून न फुटलेले गोळे नष्ट करावेत, आणि तसा लेखी दाखला ग्रामपंचायतीला द्यावा. रेंजच्या हद्दीवर मराठीत आणि चित्रासह, लहान मुलालाही कळतील असे फलक लावावेत. नुकसान झाले तर महसूल अधिकाऱ्याने ठरलेल्या मुदतीत पंचनामा करून भरपाई द्यावी. आणि ओटावा करारात भारताने यावे यासाठी आपल्या खासदारांनी संसदेत तोंड उघडावे.

सरकार करील तेव्हा करील, आपण आजपासून करायचे ते असे. अनोळखी लोखंडी वस्तू दिसली तर हात लावू नका, दगड मारू नका, घरी आणू नका. आलेल्या पावलांवरूनच मागे फिरा, लांबून खूण करा, पोरांना आणि गुरांना आवरा, पोलीस पाटलाला सांगा किंवा 112 वर फोन करा. भंगारवाल्यानेही असा माल घेऊ नये. 4 एप्रिल हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला भूसुरुंग जागृतीचा दिवस आहे. त्या दिवशी रेंजकडच्या प्रत्येक शाळेत आपल्यापैकी कोणीतरी जाऊन अर्धा तास मुलांशी बोलावे.

दहा बार लावले आणि नऊच आवाज झाले, तर उरलेल्या एका बाराची जबाबदारी बार लावणाऱ्याची असते. विहिरीच्या कामावरच्या गड्याला जे कळते, ते दिल्लीला कळेपर्यंत आपण विचारत राहू.