रोगाचा आकडा

रुग्णालयाच्या दफ्तरात 'एफ ३२' लिहिले काय किंवा 'एफ ३१' लिहिले काय, त्याने रोग्याचे काय बिघडते, असे मानणारे पुष्कळ आहेत, आणि ते सगळेच कारकून नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या वर्गीकरणात पहिला आकडा अवसादाच्या सुट्या झटक्याचा, तर दुसरा उन्माद आणि अवसाद या दोन्ही टोकांना जाणाऱ्या द्विध्रुवीय विकाराचा आहे. दुसऱ्याच्या जागी पहिला पडला, की पुढचा डॉक्टर त्यावर विसंबून नुसते उदासीवरचे औषध लिहितो, आणि मन स्थिर राखणाऱ्या लिथियमसारख्या औषधाच्या जोडीवाचून दिलेले तेच औषध काही रोग्यांत उन्माद चेतवते.

ही चूक हेळसांडीनेच होते असे नव्हे. रोगी बहुधा उदासीच्या काळात दवाखान्याची पायरी चढतो. उल्हासाच्या काळात आपण आजारी आहोत असे त्याला वाटतच नाही. निफाड-दिंडोरीकडचा एखादा द्राक्षबागायतदार आठवडाभर दोन-तीन तासांच्या झोपेवर ताजातवाना राहून, सोसायटीचे कर्ज फिटण्यापूर्वीच सावकाराचे उचलून नव्या बागेचे बेत करू लागला, तर गाव त्याला उमेदीचा माणूस म्हणते (आणि छाटणीच्या हंगामात झोप कोणाची पुरी होते, हेही खरेच). त्या दिवसांची हकीकत भावाला किंवा पत्नीला मुद्दाम विचारावी लागते. शिवाय थायरॉईडचा दोष, स्टेरॉईड किंवा नशा यांनी तसेच चित्र उभे केले नाही ना, हेही पाहावे लागते.

राज्याची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे असल्यामुळे नाशिकहून ठाण्यास धाडलेल्या रोग्याची साक्ष तेथे त्याच्याबरोबरचा कागदच देतो. त्यावर 'एफ ३१'च्या पुढचा अंकही महत्त्वाचा: २ म्हणजे भ्रमासहित उन्माद, ४ म्हणजे भ्रमविरहित तीव्र अवसाद. अवस्था पालटली की हा अंकही पालटावयास हवा. पहिल्या दिवशीचा शेरा मुक्कामभर उतरवीत जाणे ही नोंद नव्हे, नक्कल होय.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. मुलीचे लग्न ठरायचे आहे, जरा सौम्य लिहा, अशी विनवणी आईबाप करतात आणि डॉक्टरही कधी द्रवतात. ही दया मला अस्थानी वाटते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रोगनिश्चिती मान्य वैद्यकीय निकषांनुसार करावी असे सांगितले, शारीरिक आजारांच्या बरोबरीने विम्याचा हक्क दिला, आणि त्याच कायद्याच्या २३ व्या कलमाने रोग्याची माहिती गोपनीय राखण्याची हमीही दिली. झाकायचे असेल तर दफ्तर झाकावे; आजार बदलून लिहू नये.

२०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या वर्गीकरणात या विकाराच्या पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारांना स्वतंत्र आकडे मिळाले आहेत, म्हणजे सौम्य उन्मादाची विचारपूस आता अधिकच काटेकोर व्हावयास हवी. राज्यभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या परीक्षा घेणारे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या नाशकातच आहे. मनोविकारशास्त्राच्या प्रात्यक्षिकात परीक्षार्थ्याने नातेवाइकाची जबानी घेऊन आकडा लिहावा आणि त्याखाली तो का लिहिला याची कारणे द्यावीत, एवढी दुरुस्ती त्याने येत्या परीक्षेपासून करावी.