पासवर्ड बरोबर, तरी टपाल बंद

मागील पंधरवड्यात एका सकाळी आमच्या पेढीवरील संगणकात ई-मेल येईनासे झाले. सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा पासवर्ड मागे व नाकारी. सुरतेहून यावयाचे कापडाचे दरपत्रक त्यातच अडकलेले. मुनीमजी खाते काढून नव्याने जोडावयास निघाले; त्यांना थांबविले. पॉप पद्धतीच्या खात्यात वर्षानुवर्षांची पत्रे बहुधा त्याच संगणकावर असतात. त्यांची प्रत घेतल्याविना खाते काढू नये.

प्रथम तीच टपालपेटी ब्राउझरमध्ये उघडून पाहिली. उघडली! दरपत्रकही मिळाले, उत्तर गेले. म्हणजे सर्व्हर शाबूत, दोष जोडणीत. संगणकाची तारीख चुकली तरी सुरक्षित जोडणी नाकारली जाते. ती ठीक होती. आयमॅपचा पोर्ट ९९३, पाठवणीचा ४६५, तेही जागेवर.

मग आठवले. जीमेलच्या वैयक्तिक खात्यांत ३० मे २०२२ पासून बाहेरील सॉफ्टवेअरला नुसत्या नेहमीच्या पासवर्डावर प्रवेश मिळत नाही. द्विस्तरीय पडताळणी सुरू करून सोळा अक्षरांचा स्वतंत्र ‘ॲप पासवर्ड’ घ्यावा लागतो. तो आम्ही घेतलेला होता. परंतु मुख्य पासवर्ड बदलला की तो आपोआप रद्द होतो, हे ध्यानी नव्हते. चिरंजीवांनी आदल्या रात्रीच मुख्य पासवर्ड बदललेला!

नवा ॲप पासवर्ड घेताच पत्रे येऊ लागली. मुनीमजी ती सोळा अक्षरे रोजमेळाच्या पुठ्ठ्यावर उतरवू लागले. त्यांना दुसऱ्यांदा थांबवावे लागले.