खानेसुमारीने गिळलेली भाषा

भाषेचे भाषापण लिपीवर ठरते, की बोलणाराच्या अंगावरील वस्त्रांवर, हा प्रश्न एकदा धसास लावलाच पाहिजे. आमच्या धाराशिव जिल्ह्यात तुळजापूर, उमरगा या तालुक्यांतून लमाणांचे तांडे आहेत. तेथील गोरबोलीस 'मोडकी हिंदी' म्हणून नाक मुरडणारे सुशिक्षित आम्हांस पदोपदी भेटतात. खेद हा की, सरकारही त्यांचीच री ओढते. 2011 च्या खानेसुमारीत लमाणी-लंबाडी ही आपली मातृभाषा सांगणारे 32 लाखांहून अधिक निघाले. पण ते सारे हिंदीच्या खात्यावर जमा झाले! त्याच खानेसुमारीत, पूर्व हिमालयातील किराती भाषांपैकी एक जी लिंबू लोकांची भाषा, ती स्वतंत्र गणली आहे. तिचे भाषक या देशात अवघे 40 हजारांच्या घरात आहेत. सिक्कीममध्ये ती शाळांतून शिकविलीही जाते. हे यथान्याय झाले. आम्हांस त्याचा हेवा नाही. चाळीस हजारांस जो न्याय, तो बत्तीस लाखांस का नाही, एवढाच आमचा सवाल आहे.

यावर उत्तर तयार असते : लिंबूंची भाषा निराळ्या कुळातली, लमाणी मात्र हिंदीप्रमाणेच आर्यकुळातली. ठीक, पण मराठीही त्याच कुळातली नव्हे काय? तिला उद्या कोणी हिंदीच्या पोटात घातले, तर आम्ही ते मुकाट्याने सोसू काय? लमाणीचे जवळचे नाते राजस्थानी-गुजरातीशी आहे. ग्रिअर्सनने 1907 सालच्या खंडात तिचा वेगळा विचार केला तो उगाच नव्हे. दुसरा आक्षेप लिपीचा. इंग्रजीची लिपी रोमनांची; तेवढ्याने शेक्सपिअर उणा ठरला नाही.

हा वाद पंडितांपुरता असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु आईस 'याडी' म्हणणारे मूल शाळेत पाऊल ठेवताच मुके होते, आणि गुरुजी त्यास मंद ठरवितात. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करा, असे राज्यघटनेचा 350-अ हा अनुच्छेद सांगतो. तो तांड्यापर्यंत पोहोचावयास नको काय? तांड्यावरील शिक्षकास गोरबोली यावी, पहिली दोन वर्षे तिच्या आधाराने शिकवावे, आणि पुढील खानेसुमारीत तिचे खाते निराळे असावे, एवढेच आमचे मागणे आहे.

2020 साली धाराशिवात मराठी साहित्य संमेलन भरले. 2023 साली शहरास जुने नाव परत मिळाले. 2024 साली मराठी अभिजात ठरली. स्वतःच्या नावासाठी इतके झगडणाऱ्यांनी शेजाऱ्याचे नाव पुसले जाताना स्वस्थ बसावे, हे अभिजातपणास शोभत नाही.