श्रमप्रतिष्ठा : दुसऱ्याच्या मुलासाठी!

दरवर्षी १ मे रोजी आपण श्रमिक संत योसेफाचा सण साजरा करतो. परमगुरू बारावे पायस यांनी १९५५ मध्ये हा सण सुरू केला. तेव्हापासून नासरेथच्या त्या सुताराच्या करवतीवर आणि रंध्यावर आपल्या चर्चमधून कितीतरी सुंदर प्रवचने झाली असतील. पुढे दहावीचा निकाल लागतो आणि त्याच प्रवचनांना मान डोलावणाऱ्या घरांतून एक निराळेच वाक्य कानी येते : ‘‘गुण फारच कमी पडले, आता आयटीआयशिवाय गती नाही.’’ ज्या समाजाने सुताराला संत मानले, त्याच समाजाला सुतारकाम ही नापासाची शिक्षा वाटावी, ही विसंगती आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती आता आपल्याला बोचतही नाही.

या विसंगतीचा सारा दोष आईबापांच्या माथी मारून मोकळे होण्याची एक सोयीस्कर रीत आपल्याकडे रूढ आहे. धर्मग्रामाच्या सभागृहात करिअर मार्गदर्शनाचे शिबिर भरते. सुटाबुटातील वक्ते ‘‘पांढरपेशी मनोवृत्ती सोडा, हातांना काम द्या’’ असे तळमळीने सांगतात. श्रोते टाळ्या वाजवतात. त्या वक्त्याचा स्वतःचा मुलगा मात्र व्यवस्थापनशास्त्राच्या पदवीसाठी प्रवेशपरीक्षेची तयारी करीत असतो! श्रमप्रतिष्ठेचा उपदेश आपल्या देशात नेहमी दुसऱ्याच्या मुलासाठी राखून ठेवलेला असतो. माझे म्हणणे एवढेच आहे की, व्यवसायशिक्षणाचा आपला पराभव हा आईबापांच्या अज्ञानाचा परिणाम नसून त्या कामाचे मोल ठरवणाऱ्यांच्या दुटप्पीपणाचा परिणाम आहे. आणि मोल ठरवणाऱ्यांत आपणही मोडतो.

प्रथम सरकारी संकल्पांचा इतिहास पाहू. डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ मध्ये अहवाल दिला. दहावीनंतर शिकणाऱ्या मुलांपैकी निम्मी मुले व्यवसायशिक्षणाकडे वळावीत, अशी त्याची अपेक्षा होती. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही अपेक्षा बरीच खाली आणली : उच्च माध्यमिक स्तरावरील १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत. १९९२ च्या कृती-कार्यक्रमाने आकडे तेच ठेवले, मुदत तेवढी पाच वर्षांनी पुढे ढकलली. त्यानंतर २०२० च्या धोरणाने पुन्हा ५० टक्क्यांचा उद्घोष केला आणि २०२५ ही मुदत घातली. पण शब्द नीट वाचा. आता निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसायशिक्षणाचा ‘परिचय’ घडवायचा आहे. कोठारींना निम्मी मुले त्या वाटेने चालायला हवी होती. नव्या धोरणाला त्यांनी ती वाट नुसती पाहिली तरी पुरे आहे. सहावी ते आठवीच्या मुलांनी दप्तराविना दहा दिवस सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे उमेदवारी करावी, ही कल्पना गोड आहे. पण दहा दिवसांत रंधा हातात धरायला येतो, लाकूड कळत नाही.

त्याच धोरणात बाराव्या पंचवार्षिक योजनेचा एक अंदाज उद्धृत केला आहे. १९ ते २४ वयोगटातील भारतीय श्रमिकांपैकी रीतसर व्यवसायशिक्षण घेतलेले ५ टक्क्यांहूनही कमी होते. अमेरिकेत हेच प्रमाण ५२ टक्के, जर्मनीत ७५ टक्के आणि दक्षिण कोरियात तब्बल ९६ टक्के असल्याचे तेथे म्हटले आहे. ही तुलना वाचून हळहळणे सोपे आहे. हे असे का झाले, हा प्रश्न अवघड आहे, आणि त्याचे ठरावीक उत्तर ‘मानसिकता’ या एका शब्दात देऊन सारे मोकळे होतात.

या उत्तराचा फोलपणा १९६५ मध्येच दाखवून दिला गेला आहे. फिलिप फॉस्टर या अभ्यासकाने आफ्रिकेतील घाना देशाच्या शिक्षणाचा अभ्यास केला. वसाहतवादी राज्यकर्त्यांनी तेथे शेतकीच्या आणि हस्तकौशल्याच्या शाळा काढण्याचे अनेक प्रयत्न केले होते. मुले मात्र पुस्तकी शाळांकडेच धाव घेत आणि कारकुनीच्या मागे लागत. ‘‘यांना श्रमाची लाज वाटते,’’ असा राज्यकर्त्यांचा निष्कर्ष होता. फॉस्टर यांनी तो उलटा केला. त्यांनी दाखवले की, मुले आणि पालक अत्यंत व्यवहारी निर्णय घेत होते : पगार, स्थैर्य आणि बढती पुस्तकी शिक्षणाच्या वाटेवरच होती. खऱ्या अर्थाने ‘व्यावसायिक’ ठरणारे शिक्षण तेच होते! नोकरीच्या बाजारात ज्या कामाला भाव नाही, त्या कामाची गोडी शाळेतील अभ्यासक्रम बदलून लावता येत नाही, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा. साठ वर्षे उलटली, तरी आपल्याकडील धोरणकर्त्यांना हा साधा धडा गिरवावासा वाटलेला नाही. वीस वर्षांच्या अनुभवी वायरमनला कायम नोकरी नाही, आजारपणाची रजा नाही, म्हातारपणाची तरतूद नाही. आणि कार्यालयात कागद पुढे सरकवणाऱ्याला या तिन्ही गोष्टी आहेत. अशा वेळी मुलाला वायरमन करू नये असे वाटणारी आई अडाणी नसते. तिचा हिशेब अगदी चोख असतो.

गरीब आईबापांच्या संशयाला आणखी एक कारण आहे आणि ते आपल्या इतिहासात आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन केले, तेव्हा प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात त्यांनी शेतीचे प्राथमिक ज्ञान मागितले होते. पण वाचन, लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांच्या जोडीने. एकाच्या बदल्यात दुसरे नव्हे. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत नयी तालीमची कल्पना मांडली, तीही श्रीमंत-गरीब साऱ्याच मुलांसाठी होती. याउलट १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा, अशी योजना आणली. चांभाराच्या मुलाने चामडे आणि पुरोहिताच्या मुलाने पोथी हाती धरावी, असाच तिचा अर्थ लोकांनी घेतला. पेरियार आणि त्यांच्या अनुयायांनी तिला ‘कुलशिक्षण’ ठरवून रान उठवले. १९५४ मध्ये कामराज मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी ती रद्द केली. ज्या देशात हातातील हत्यार पाहून माणसाची जात ओळखली गेली, तेथे ‘‘तुझा मुलगा हातांनीच काम करील’’ या वाक्यात धमकी ऐकू येते, हे उपदेशकांनी विसरू नये.

तिसरी गोष्ट अलीकडच्या संशोधनाची. एरिक हनुशेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक देशांतील आकडेवारी तपासून २०१७ मध्ये दाखवले की, व्यवसायशिक्षण घेतलेल्यांना तरुणपणी काम लवकर मिळते. पण वय वाढते तसा हा फायदा ओसरतो आणि सामान्य शिक्षण घेतलेले लोक उत्तरायुष्यात कामावर अधिक टिकतात. यंत्र बदलते, त्याबरोबर एकाच यंत्रावर घडवलेला माणूस अडगळीत जातो. मुंबईच्या गिरण्यांची भोंगेबंदी पाहिलेल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून ‘‘गणित झेपत नाही, मग आयटीआयला घाला’’ हा सल्ला मुळातच घातक आहे. जोडाऱ्याला मिलिमीटरचा शतांश मोजावा लागतो, कातारीकामात भूमिती लागते, वीजतंत्र्याला मंडलाचा नकाशा वाचावा लागतो. भाषा आणि गणित पक्के नसलेल्या मुलाच्या हाती नुसते हत्यार देणे म्हणजे त्याला आजची भाकरी देऊन उद्याची हिरावून घेणे होय.

मग उपाय नाही काय? आहे, पण त्याला किंमत मोजावी लागते. जर्मनीचे उदाहरण सारेच देतात, परंतु त्यातील सोयीचा भाग तेवढा सांगतात. तेथील उमेदवार आठवड्यातील बहुतेक दिवस कारखान्यात शिकतो, एक-दोन दिवस शाळेत जातो, हे खरे. परंतु त्याच्या हाती लेखी करार असतो, दरवर्षी वाढणारे विद्यावेतन असते, आणि त्याने काय शिकावे हे मालक, कामगार संघटना आणि सरकार मिळून ठरवतात. आपल्याकडेही उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे. २०१९ च्या नियमांनी विद्यावेतनाची किमान पातळी शिक्षणानुसार दरमहा ५००० ते ९००० रुपये अशी ठरवली. मुंबईत खोलीचे भाडे, रेल्वेचा पास आणि खानावळ यांचा हिशेब करून पाहा. एवढ्यात भागवणारा मुलगा शिकाऊ म्हणावा की उपाशी, असा प्रश्न पडेल.

आपल्या परंपरेत याहून जुना आणि अधिक बोलका दाखला आहे. संत जॉन बॉस्को यांची कार्यशाळा सर्वांना ठाऊक असते; तिच्याही आधी त्यांनी केलेले करार फारसे कोणाला ठाऊक नसतात. तुरीन शहरात कामाच्या शोधात आलेल्या पोरांकडून मालक पाणी भरून घेत, घरकाम करून घेत, मारहाण करीत. १८५२ मध्ये एका सुताराशी केलेल्या लेखी करारावर डॉन बॉस्को यांनी स्वतः सही केली. मुलाला धंदा पूर्ण शिकवायचा, धंद्याबाहेरचे काम सांगायचे नाही, चूक झाल्यास शब्दांनी समजवायचे, हात उगारायचा नाही, सणावारी मोकळे सोडायचे, आणि मजुरी टप्प्याटप्प्याने वाढवायची, अशी त्यातील कलमे होती. श्रमाच्या थोरवीवर त्यांनी केवळ प्रवचन दिले नाही, तर कलमे लिहून घेतली. प्रवचन आणि करार यांतील हे अंतर ओलांडल्याखेरीज श्रमप्रतिष्ठा हा शब्द उच्चारण्याचा अधिकार कोणालाच नाही.

आता आपल्या धर्मग्रामांकडे वळू. आपण स्वतःला नेहमी नोकरी मागणारे समजतो. पण आपण काम देणारेही आहोत. आपल्या संस्था शाळा बांधतात, चर्चचे छप्पर दुरुस्त करतात. आपली कुटुंबे बंगले उभारतात. या कामांवर किती शिकाऊ मुले घेतली जातात? किती जणांशी लेखी करार होतो? गवंड्याला ठरलेली मजुरी वेळेवर मिळते, की ‘‘उद्या या’’ असे ऐकावे लागते? समारंभात अभियंत्याला शाल आणि नारळ. ज्याने प्रत्यक्ष भिंत उभी केली तो मंडपाबाहेर. हे दृश्य आपली मुले पाहत असतात, आणि तेच त्यांचे खरे करिअर मार्गदर्शन असते.

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आहेत. संस्थांनी आपल्या प्रत्येक बांधकामाच्या करारात शिकाऊ उमेदवारांचे कलम घालावे आणि त्यांना पोट भरेल एवढे विद्यावेतन द्यावे. मार्गदर्शन शिबिरात व्यासपीठावर वक्त्याबरोबर अनुभवी वेल्डर, टर्नर, नळ कारागीर यांना बसवावे, आणि त्यांनी आपली कमाई, आपले धोके, आपली कला स्वतःच्या तोंडाने सांगावी. आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि पदविकेनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, ही शिडी प्रत्येक पालकाला समजावून द्यावी. कारण जिथून पुढे वाट नाही असे ज्याला वाटते, तो त्या दारात पाऊल ठेवीत नाही. आणि गुणवंतांच्या सत्कारात ९० टक्क्यांच्या मुलाशेजारी उत्तम जोडारी ठरलेल्या मुलीलाही तेवढ्याच रकमेचे पारितोषिक द्यावे.

परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ मध्ये मानवी श्रमावर विश्वपत्र लिहिले. कामाचे मोल कामाच्या प्रकारावरून ठरत नाही, ते काम करणारा माणूस आहे यावरून ठरते, हा त्याचा आशय. हा विचार पटत असेल, तर तो आपल्या मजुरीच्या वहीत दिसला पाहिजे. आणि पटत नसेल, तर गरिबांच्या मुलांना श्रमाची थोरवी सांगण्याचे आपण कृपा करून थांबवावे.