मास्तरकीचा जमाखर्च

बी.एड. झालेला तरुण माध्यमिक शाळेत शिक्षण सेवक म्हणून रुजू झाला की पहिली तीन वर्षे त्याला दरमहा १८,००० रुपये मानधन मिळते. शेजारच्या वर्गात तेवढ्याच तासिका घेणाऱ्या कायम शिक्षकाचे मूळ वेतन ३८,६०० रुपयांपासून सुरू होते. महागाई भत्ता आणि घरभाडे वेगळेच. नुसत्या मूळ वेतनातला हा फरक तीन वर्षांत ७ लाख ४१ हजार ६०० रुपयांवर जातो. प्राथमिक शाळेत मानधन १६,००० आणि मूळ वेतन २९,२००. तिथे तीन वर्षांचा फरक ४ लाख ७५ हजार २०० रुपये. मुलीला बी.एड.ला घालायचे म्हणून चौकशीला गेलेल्या बापाला महाविद्यालय दोन वर्षांचे शुल्क सांगते. वेतनातला हा फरक त्याला कुणी सांगत नाही.

शिक्षकाच्या पदवीचा खर्च शुल्कापुरता मोजणे हीच मुळात फसगत आहे. २०१५ पासून बी.एड. एक वर्षाचे दोन वर्षांचे झाले. शिक्षक नीट घडावा हा त्यामागचा हेतू योग्यच होता. पण त्या वाढीव वर्षाचा भार विद्यार्थ्यांच्या घरावर पडला. दोन वर्षांत किमान वीस आठवडे शाळेत आंतरवासिता करावी लागते. रात्री जागून पाठाचे टाचण काढायचे, तक्ते रंगवायचे, त्यासाठीचे कार्डशीट स्वतःच्या पैशाने आणायचे, सकाळची एसटी पकडून नेमून दिलेली शाळा गाठायची आणि तिथे गैरहजर शिक्षकाचे वर्गही सांभाळायचे. याचा मोबदला शून्य. या दोन वर्षांत पदवीधर मुलगा दुसरीकडे कुठे कमवूही शकत नाही. शेतमजुराच्या किंवा रिक्षाचालकाच्या घरात या बुडालेल्या कमाईची किंमत शुल्काहून जड असते.

आणि खरी वाट तर त्यापुढे सुरू होते. पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी. ती पार केली तरी नोकरीच्या रांगेत उभे राहायला अभियोग्यता चाचणी हवी. राज्यात २०१२ मध्ये शिक्षकभरतीवर बंदी आली. पहिली अभियोग्यता चाचणी झाली डिसेंबर २०१७ मध्ये, दुसरी २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि तिसरी २०२५ च्या मे-जूनमध्ये. म्हणजे २०१८ मध्ये बी.एड. झालेल्या उमेदवाराला नुसती परीक्षेला बसण्याची संधी मिळायलाच पाच वर्षे गेली. त्या काळात तो एखाद्या विनाअनुदानित शाळेत संस्थाचालक देईल तेवढ्यावर राबत होता, नाहीतर पुण्यात खोली घेऊन, गावाकडून पैसे मागवून तयारी करत होता. वय मात्र कुणासाठी थांबत नाही. आणि वयोमर्यादा ओलांडली की पदवी फक्त भिंतीवर टांगण्यापुरती उरते.

दरम्यान नियम बदलतात, त्याचा फटकाही उमेदवारालाच. बी.एड. झालेल्यांना पहिली ते पाचवीला शिकवण्याची मुभा २०१८ च्या अधिसूचनेने दिली. त्या भरवशावर असंख्य मुलामुलींनी प्रवेश घेतले. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द ठरवली. लहान मुलांना शिकवण्याचे शास्त्र वेगळे असते आणि त्यासाठी डी.एल.एड. हेच प्रशिक्षण हवे, हा न्यायालयाचा निष्कर्ष आम्हाला मान्य आहे. पण चूक अधिसूचना काढणाऱ्यांची होती आणि वर्षे गेली ती शिकणाऱ्यांची. गैरप्रकारांचा फटकाही असाच. २०१९ च्या टीईटीतील गैरव्यवहारात साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर पुढे कारवाई झाली. पैसे न देता, अभ्यास करून त्याच परीक्षेला बसलेल्यांचे जे नुकसान झाले, त्याची मोजदाद कोणत्याही आरोपपत्रात नाही.

शिक्षण सेवक योजना २००० साली आली, तेव्हा तिजोरी रिकामी आहे हे कारण दिले गेले. ते खरेही असेल. पण अडचणीच्या काळातली सोय पाव शतक चालते तेव्हा तिला धोरण म्हणावे लागते. २०२२ संपेपर्यंत प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला महिन्याला ६,००० रुपये मिळत होते. पुढच्या वर्षी ते १६,००० झाले, हे स्वागतार्हच. मात्र त्याच २०२३ मध्ये रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना कंत्राटी तत्त्वावर २०,००० रुपयांत घेण्याचा निर्णयही झाला. ज्याला निवृत्तिवेतन मिळते त्याला वीस आणि ज्याच्यावर शैक्षणिक कर्जाचा हप्ता आहे त्याला सोळा! तलाठी परिविक्षा काळातही पूर्ण वेतनश्रेणीत असतो. ग्रामसेवक आणि कृषी सेवक याच जोखडाखाली आहेत हे खरे. पण एका अन्यायाने दुसऱ्याचे समर्थन होत नाही.

या व्यवहारात तोटा फक्त उमेदवाराचा नाही. हुशार मुले हा हिशेब करू लागली आहेत आणि दुसरीकडे वळू लागली आहेत. गणित-विज्ञानाची चांगली पदवीधर मुलगी बँकेची परीक्षा देते, मुलगा सॉफ्टवेअरचा अभ्यासक्रम धरतो. एकेकाळी गावोगाव निघालेली डी.एड. विद्यालये विद्यार्थ्यांअभावी बंद पडली, ती याच हिशेबामुळे. मागे राहतात ते खरोखर शिकवण्याची ओढ असलेले थोडे आणि दुसरा मार्ग न सापडलेले पुष्कळ. जिल्हा परिषदेच्या शाळेत मूल घालणाऱ्या पालकाला हे परवडणारे नाही, कारण खासगी शिकवणीचा पर्याय त्याच्यापाशी नसतो.

बी.एड.चा एक वर्षाचा अभ्यासक्रम पुन्हा आणण्याचा मसुदा राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने २०२५ मध्ये मांडला. शिक्षणाचा काळ कमी करून प्रश्न सुटणार नाही. नोकरीची वाट पाहण्याचा काळ कमी केला पाहिजे. अभियोग्यता चाचणी दरवर्षी ठरलेल्या महिन्यात व्हावी. विषयवार आणि माध्यमवार रिक्त पदांची यादी बी.एड.च्या प्रवेश परीक्षेचे अर्ज सुरू होण्याआधी सरकारने जाहीर करावी, म्हणजे मराठी किंवा इतिहास घेऊन बी.एड. करणाऱ्याला पुढे किती जागा आहेत हे आधीच कळेल. आंतरवासितेला विद्यावेतन द्यावे. आणि शिक्षण सेवक ही पायरी काढून पूर्ण वेतनश्रेणीत एक वर्षाची परिविक्षा ठेवावी. काम समाधानकारक नसेल त्याला खुशाल घरी पाठवावे. येत्या अर्थसंकल्पात शालेय शिक्षणमंत्र्यांनी यासाठी तरतूद मागावी आणि अर्थमंत्र्यांनी ती द्यावी.