बर्लिनमधला दुसरा आखाडा

१/ अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला गेले आणि हुतुतूसह देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले. दर्यापूरपासून अकोल्यापर्यंत ही हकीगत अभिमानाने सांगितली जाते. तो अभिमान रास्त आहे. मात्र ‘खुद्द हिटलरने शाबासकी दिली’ हे शेपूट ज्या थाटात तिला जोडले जाते, त्याविषयी हा धागा.

२/ मंडळाची स्थापना १९१४ ची, वैद्य बंधूंनी केलेली. त्याच्या १६ वर्षे आधी, १८९८ मध्ये, बर्लिनमधील ज्यू तरुणांनीही आपला एक आखाडा काढला होता : ‘बार कोखबा’ व्यायाम संघ. इ. स. १३२ मध्ये रोमन सत्तेविरुद्ध बंड उभारणाऱ्या ज्यू सेनानीचे हे नाव.

३/ ज्यू म्हणजे पुस्तकी, दुबळा, भित्रा, हा टोमणा युरोपभर रूढ होता. त्याच वर्षी बाझेलच्या परिषदेत मॅक्स नॉर्डाऊ यांनी ज्यूंनी पुन्हा बलदंड व्हावे, असे आवाहन केले. टोमण्याला मनगटाने उत्तर द्यावे, ही भावना मारुतीच्या नावाने आखाडे काढणाऱ्या वऱ्हाडाला वेगळी समजावून सांगायला हवी का?

४/ अनेक ज्यू खेळाडूंना मात्र वेगळ्या आखाड्याची गरज वाटत नव्हती. ते सर्वसाधारण जर्मन संघांतच घाम गाळीत. बर्लिनच्या आल्फ्रेड फ्लाटोव याने १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये जर्मनीसाठी तीन सुवर्णपदके जिंकली होती.

५/ १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि जर्मन व्यायाम संघांनी ज्यू सभासदांना बाहेर काढले. फ्लाटोवलाही आपला संघ सोडावा लागला. हाकलली गेलेली मुले ‘बार कोखबा’सारख्या ज्यू संघांकडे वळली. हौसेचा आखाडा आता एकमेव आसरा झाला.

६/ ऑगस्ट १९३६. पाहुण्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून शहरातल्या ज्यूविरोधी पाट्या तात्पुरत्या उतरवल्या गेल्या. आमची पोरे त्या रंगसफेदीतल्या शहरात उतरली. त्याच उन्हाळ्यात बर्लिनच्या उत्तरेला झाक्सनहाउझेनची छळछावणी बांधली जात होती.

७/ नोव्हेंबर १९३८ मध्ये देशभर ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळली गेली आणि त्यांचे क्रीडासंघही संपवण्यात आले. डिसेंबर १९४२ मध्ये तेरेझीनच्या बंदिवासात फ्लाटोव मरण पावला. तीन सुवर्णपदकांनीही त्याला वाचवले नाही.

८/ ‘इंग्रजांचा शत्रू तो आपला मित्र,’ असा युक्तिवाद अजून ऐकू येतो. पुस्तकांच्या गाड्यांवर ‘माईन काम्फ’ मराठीतून विकले जाते. ते विकत घेणाऱ्यांनी निदान वाचावे. हिंदी स्वातंत्र्यवाद्यांची त्यात फकीर म्हणून टवाळी आहे. हिंदुस्थान इतर कोणापेक्षा इंग्रजांच्याच ताब्यात असलेला बरा, असे लेखक स्वच्छ लिहितो.

९/ दुसरा युक्तिवाद : ‘आम्ही ज्यूंना कधी छळले नाही.’ हे मोठ्या अंशी खरे आहे. कोकणातले ‘शनिवार तेली’, म्हणजे बेने इस्रायल, मराठी बोलत मराठी मातीत रुजले. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत काढलेली त्यांची शाळा आज सर एली कदूरी या नावाने ओळखली जाते आणि तिथे बहुसंख्येने मुसलमान मुले शिकतात. पण मग ज्याने हे लोक पृथ्वीवरून पुसायचे ठरवले, त्याच्या शाबासकीचे भूषण कसले?

१०/ अमरावतीच्या त्या तरुणांना दोष नाही. गुलाम देशातून जाऊन त्यांनी आपली विद्या जगाला दाखवली. दोष आमचा, ८०-९० वर्षांनंतर सारे ठाऊक असूनही आम्ही खेळाडूंच्या कसबापेक्षा प्रेक्षकातल्या खुन्याची टाळी मोठी मानतो.

११/ पुढच्या वेळी ही हकीगत मुलांना सांगाल, तेव्हा ती पूर्ण सांगा. त्या शहरात दोन आखाडे होते. एक पाहुणा होता, त्याच्यासाठी मैदान खुले होते. दुसरा तिथलाच होता, आणि त्याच्या मुलांना मैदानाबाहेर काढले होते.