दुर्गम कोणासाठी?

सावंतवाडीला एका नातेवाईकाच्या घरचा निकाह आटोपला आणि आम्ही दोन दिवस आंबोलीला जायचं ठरवलं. सप्टेंबर सरत आला होता. दाणोली सोडली की घाट लागतो. एका बाजूला पाणी झिरपणारा कातळ, दुसऱ्या बाजूला धुक्याने भरलेली दरी. मुलं खिडक्या उघडून बसली होती. माझं लक्ष मात्र वळणावर समोरून येणाऱ्या ट्रककडे होतं.

हा रस्ता हौसेसाठी बांधलेला नव्हता. इंग्रजांच्या काळात वेंगुर्ला बंदरात उतरलेला माल बेळगावच्या छावणीकडे याच वाटेने जाई आणि आंबोली हा वाटेवरचा मुक्काम होता. आज त्याच घाटात धबधब्यापाशी मोटारींची रांग लागते. आम्हीही त्या रांगेत तासभर होतो, म्हणून गर्दीला नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही.

आमचा मुक्काम आंबोलीच्याही पुढे, चौकुळच्या बाजूला एका घरगुती लॉजवर होता. शेवटचा तुकडा कच्चा, मोबाईलला रेंज नाही. जाहिरातीत 'जगापासून दूर' असं लिहिलं होतं आणि त्याचेच जास्तीचे पैसे आम्ही मोजले होते. जेवण शाकाहारी सांगितलं, कारण प्रवासात हलालचा खुलासा करत बसण्यापेक्षा ते सोपं पडतं. नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी आली. मगरिबची वेळ झाली तेव्हा मालकांनी न मागता पडवीत धुतलेली चटई अंथरून दिली.

रात्री गप्पा निघाल्या. मी म्हणालो, काय शांतता आहे हो तुमच्याकडे! ते हसले. "तुमका हय शांतता गावता, आमका रातीची गाडी गावणा नाय." घरात कोणी अडलं तर सावंतवाडी गाठायची, म्हणजे आंबोलीपासूनच सुमारे ३० किलोमीटर, तोही घाट, तोही पावसातला. दरड कोसळली तर तेही नाही.

तेव्हापासून 'दुर्गम' हा शब्द मला खटकतो. आपण तो दोन रात्रींसाठी विकत घेतो. तिथे राहणारा त्याची किंमत आयुष्यभर भरतो.

मग रस्ता रुंद करावा का? इथे घाई नको. आंबोलीचा डोंगर साधा नाही. राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी हे एक. इथल्या जांभ्या कातळावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालणारा एक छोटा भेक २००९ मध्ये शास्त्राला नव्याने कळला. हिरण्यकेशीच्या उगमापाशी देवळाच्या कुंडात सापडलेल्या माशाची नवी जात म्हणून नोंद २०२० मध्ये झाली आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. ही नदीही नवलाची. उगमापासून अरबी समुद्र जवळ असून ती पूर्वेला आजरा, गडहिंग्लजकडे वळते आणि घटप्रभा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाते. डोंगर कापला तर त्याचा हिशेब फक्त सिंधुदुर्गात चुकता होणार नाही. शिवाय डोंगराचा पायथा खणून रस्ता रुंद केला की वरचा उतार सुटतो आणि पुढच्या पावसात दरड त्याच रस्त्यावर येते.

म्हणून मला वाटतं, आधी रस्ता सुरक्षित करावा: बाजूची गटारं साफ, कठडे पक्के, दरडी रोखणाऱ्या जाळ्या. आणि वरच्या गावात रात्रीही डॉक्टर व रुग्णवाहिका असावी. म्हणजे रात्रीबेरात्री घाट उतरण्याची वेळच कमी येईल. घाट चार पदरी झाला म्हणून बाळंतीण वाचत नाही, पण आमची रांग नक्की वाढेल.

आपल्या बाजूनेही थोडं करता येईल. पावसाळी रात्री बेडूक रस्त्यावर येतात आणि चाकाखाली मरतात, तेव्हा अंधार पडायच्या आत पोहोचावं. वळणावर गाडी लावू नये. जमेल तिथे गावकऱ्याच्याच घरी उतरावं, म्हणजे पैसा तिथेच राहील.

परतताना मालकांनी आमच्या गाडीतून आपल्या वडिलांना सावंतवाडीच्या दवाखान्यात सोडण्याची विनंती केली. मागच्या सीटवर मुलं एकमेकांना चिकटून बसली. म्हातारबाबांनी घाटभर एकदाही दरीकडे पाहिलं नाही. ते फक्त विचारत होते, अजून किती वळणं राहिली?